हौद्यातले पाणी आठ दिवस राहिले तर...



पावसाळा आला की आरोग्याच्या पानावर डास आणि डेंग्यू हे विषय येतातच. पिंपे झाकून ठेवा, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा, जुने टायर हटवा, हे आता शाळेतल्या मुलांनाही पाठ झाले आहे. पण या यादीत एक वस्तू सहसा सापडत नाही. ती दाराशीच उभी असते आणि तिच्यावर घर चालत असते, म्हणून तिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. ती वस्तू म्हणजे जुन्या टेम्पोचा, पिकअपचा किंवा तीनचाकी मालरिक्षाचा हौदा.

खोपोलीला लागून असलेले साजगाव आणि कर्जत-खालापूरच्या वस्त्या घाटाच्या पायथ्याशी आहेत. इथे ढग डोंगराला अडतात आणि पाऊस कोसळतो. रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन मीटर. छोट्या टेम्पोचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फूट रुंद असतो. एवढ्या जागेवर पावसाळ्याच्या चार महिन्यांत जवळपास दहा हजार लिटर पाणी पडते. एक टँकर भरेल एवढे हे पाणी. त्यातले बहुतेक वाहून जाते. जे जात नाही, त्याविषयी हा लेख आहे.

आपल्या वस्त्यांमध्ये विटा, वाळू, भाजी, भंगार, मंडपाचे सामान वाहणाऱ्या गाड्या बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतलेल्या असतात. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टाटा एस २००५ साली बाजारात आला. त्याच्या पहिल्या वर्षांतल्या गाड्या आता चांगल्याच जुन्या झाल्या आहेत. काही अजून रस्त्यावर आहेत, काही इंजिन बसल्यामुळे वस्तीच्या कडेला उभ्या आहेत. चालणाऱ्या गाडीचा प्रश्न वेगळा आणि उभ्या गाडीचा वेगळा. दोन्ही आपण पाहू.

पाणी साचते कुठे आणि का?

नव्या गाडीच्या हौद्याला पाणी जाण्याची वाट असते. फाळका आणि तळाचा पत्रा यांच्यामध्ये फट असते, काही गाड्यांना तळाला भोकेही असतात. गाडी जुनी होते तशा या वाटा बंद होतात. मातीचा थर, विटांची भुकटी, सिमेंट, कांद्याची टरफले, झाडाचा पाला असे सगळे फटीत जाऊन बसते. सिमेंट तर पाणी लागले की तिथेच दगड होते.

दुसरे कारण पत्र्याचा पोक. हौद्याचा तळ खालच्या आडव्या चॅनेलवर टेकलेला असतो. वर्षानुवर्षे वजन पडले की दोन चॅनेलमधला पत्रा खाली दबतो आणि थाळीसारखा खोलगट होतो. दगड, लोखंड वरून टाकले तर हे लवकर होते. फाळका उघडा असला तरी या थाळीतले पाणी बाहेर जात नाही.

तिसरे कारण गंज. मिठाने तो फार लवकर चढतो. कार्तिक महिन्यात साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, तेव्हा सुक्या मासळीचा मोठा बाजार लागतो. यात्रेत आपली माणसे दुकाने लावतात, गाड्या भाड्याने लावतात. सुकी मासळी, मिठाच्या गोणी किंवा खताची पोती वाहिलेला हौदा धुतला नाही, तर मीठ आणि खत पत्र्यावर राहते. ते हवेतली ओल ओढून घेते आणि पत्रा खात जाते. गंजलेल्या पत्र्याचे पापुद्रे सुटतात, खाली खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्डा पाण्याची एक वाटी होते.

चौथे कारण आपणच करून ठेवतो. पत्रा खराब झाला की त्यावर प्लायवूड, रबरी मॅट किंवा जुना फ्लेक्स अंथरतो. वरून हौदा कोरडा दिसतो. मॅट उचलून पाहा, खाली पाणी असते. अंधारी, वारा न लागणारी आणि कोणी हात न लावणारी ही जागा डासाला फार आवडते.

हौद्याशिवाय जुन्या गाडीत आणखी काही जागा आहेत. केबिनच्या टपावर गुंडाळून ठेवलेल्या ताडपत्रीच्या घड्या, स्टेपनी, बाजूच्या जाळीचे वरून उघडे असलेले पाइप, मागच्या बंपरचे चॅनेल, हौद्यात पडलेली बादली किंवा ऑइलचा कापलेला डबा. यातल्या प्रत्येकात डास वाढतील एवढे पाणी राहते. त्यांना फार लागत नाही, काही चमचे पुरतात.

आठ दिवसांत काय घडते?

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास गटाराचे पाणी सहसा पसंत करत नाही. त्याला तुलनेने स्वच्छ, साठलेले पाणी लागते. हौद्यातले पावसाचे पाणी त्याला अगदी योग्य. अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असल्यामुळे लोक याला वाघ डास म्हणतात. तो दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यानंतर आणि संध्याकाळी सूर्य मावळण्याआधी जास्त. म्हणजे मुले अंगणात खेळत असतात, बाया नळावर असतात आणि गाडीवाला हौदा भरत असतो, नेमकी तीच वेळ.

मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. ती अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर पत्र्याला चिकटवते. पाऊस पडून पाणी वर आले की अंडी भिजतात आणि फुटतात. अळ्या बाहेर येतात, पाण्यात वळवळतात, श्वास घ्यायला वर येतात आणि चाहूल लागताच खाली पळतात. मग त्यांचा स्वल्पविरामासारखा वाकडा कोष होतो. कोषातून डास उडून जातो. आपल्या हवेत या सगळ्याला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, ऊब जास्त असली तर सातही पुरतात.

म्हणून आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते. आठवड्यात एकदा पाणी उलटले तर अळीचा डास होण्याआधीच ती मरते. पंधरा दिवसांनी उलटले तर तोपर्यंत एक पिढी उडून गेलेली असते.

हौद्यात जन्मलेला डास सहसा रोग घेऊन जन्मत नाही. त्याला आधी डेंग्यूचा रुग्ण चावावा लागतो. रुग्णाच्या रक्तातला विषाणू डासाच्या पोटात गेल्यावर साधारण आठ ते बारा दिवसांनी तो डास रोग देऊ लागतो आणि पुढे जिवंत असेपर्यंत देत राहतो. आपल्या वस्तीतली माणसे खोपोलीच्या कारखान्यांत, पनवेल-मुंबईच्या बांधकामांवर, लोकलने रोज ये-जा करतात. त्यातला एखादा ताप घेऊन घरी येतो. वस्तीत डास नसतील तर तो ताप त्याच्यापाशीच थांबतो. शेजारच्या गाडीच्या हौद्यात डासांची पैदास चालू असेल, तर तो घरोघर जातो. हा डास फार लांब उडत नाही, जिथे जन्मतो तिथल्या शे-दोनशे मीटरच्या परिसरात बहुधा राहतो. आपल्या गल्लीतला ताप बहुधा आपल्याच गल्लीतल्या पाण्यातून आलेला असतो.

हाच डास चिकुनगुन्याही पसरवतो. महाराष्ट्राला तो नवा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ साली त्याची साथ आली होती आणि २००६ साली राज्यभर हजारो लोकांचे सांधे धरले होते. २०२१ च्या जुलैअखेर राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला, तो पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी. मोठे शहर नव्हते ते, साधे गाव होते. पाणी साठले आणि डास असला की गाव-शहर असा फरक राहत नाही.

पाणी काढले, पण अंडी राहिली

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता येते. बहुतेक लोक हौद्यातले पाणी झाडूने ढकलतात आणि काम झाले असे समजतात. पाणी जाते, अळ्याही जातात. अंडी मात्र पत्र्याला चिकटलेलीच राहतात. ती काळी आणि खसखशीच्या दाण्याहूनही बारीक असतात, सहज डोळ्यांना दिसत नाहीत. ही अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने, अगदी वर्षभरापर्यंत तग धरू शकतात. पुढच्या पावसात भिजली की फुटतात.

याचे दोन अर्थ निघतात. एक, या वर्षीच्या ऑक्टोबरात हौद्यात राहिलेली अंडी पुढच्या जूनमध्ये डास होऊ शकतात. दुसरा, गाडी जिथे जाईल तिथे अंडी तिच्याबरोबर जातात. जगात हे घडलेले आहे. आशियातला दुसरा एक पट्टेरी डास १९८५ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन परिसरात पसरलेला आढळला. जुन्या टायरांच्या व्यापारातून, टायरला चिकटलेल्या अंड्यांच्या रूपाने तो समुद्र ओलांडून गेला होता. जिथे अंडी समुद्र ओलांडतात, तिथे पनवेलहून साजगावला यायला त्यांना काय अडचण?

म्हणून नियम असा लक्षात ठेवावा: ओता, घासा, वाळवा. तिन्ही केले तरच हौदा साफ झाला.

आठवड्याचे काम: अर्धा तास पुरतो

१. गाडी उताराकडे पाठ करून उभी करा, म्हणजे तोंड वर आणि फाळका खाली राहील. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांमागे दगड लावा. हे न करता हौद्यात चढू नका.

२. फाळका पूर्ण उघडा. मॅट, प्लायवूड, फ्लेक्स, दोर, बादली असे सगळे बाहेर काढा आणि उन्हात किंवा वाऱ्यावर उभे करून ठेवा. आडवे ठेवले तर खाली ओल राहते.

३. फाळक्याची फट आणि तळाची भोके जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने किंवा जाड तारेने मोकळी करा. वाळलेले सिमेंट असेल तर छिन्नीने हळू काढा.

४. पाणी झाडून बाहेर काढा. अळ्या असलेले पाणी गटारात किंवा दुसऱ्या डबक्यात ओतू नका, तिथे त्या जगू शकतात. मातीच्या किंवा मुरमाच्या जागेवर पसरवून टाका. पाणी जिरले की अळ्या मरतात.

५. आता घासणे. ताठ ब्रश किंवा काथ्या घ्या. तळ तर घासाच, पण हौद्याच्या चारही बाजू आतून एक वीतभर उंचीपर्यंत जोर लावून घासा. अंडी तिथेच असतात. कोपरे, वेल्डिंगचे जोड आणि पाण्याच्या डागाची रेषा सोडू नका. नंतर साध्या पाण्याने धुवा.

६. फडक्याने कोपरे पुसून घ्या आणि फाळका उघडा ठेवून हौदा वाळू द्या.

काम करताना पायात रबरी बूट किंवा निदान बंद चप्पल असावी. पावसाळ्यात हौद्यात रात्री उंदीर फिरतात. त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. पायाला चीर किंवा भेग असेल तर ती झाकून मगच हौद्यात उतरा. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवा. गंजलेला पत्रा लागला तर जखम धुऊन दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्याबाबत विचारा.

कायमचा उपाय: भोक, रंग आणि ताडपत्री

दर आठवड्याला घासावे लागेलच, पण पाणी मुळात कमी साचेल अशी सोय पावसाळ्याआधी करता येते.

सपाट जागेवर गाडी उभी करा आणि हौद्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता. पाणी थांबल्यावर जिथे जिथे ते उभे राहिले, तिथे खडूने कडेने खूण करा. हौद्याच्या सर्वांत खोल जागा आता दिसतील. गॅरेजवाल्याला किंवा बॉडीवाल्याला हीच खूण दाखवा. खूणच नसेल तर तो अंदाजाने भोक पाडतो आणि पाणी दुसरीकडे साचते.

भोक साधारण करंगळी जाईल एवढे असावे. लहान भोक दोन दिवसांत मातीने बुजते. खाली काय आहे हे पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नये. डिझेलची टाकी, सीएनजीची टाकी व पाइप, ब्रेकचे पाइप, वायरी आणि चासी यांच्यापासून भोक दूर असले पाहिजे. वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीची वायर काढायला सांगा आणि टाकीजवळचे वेल्डिंग जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. भोकाच्या कडेला लगेच रंग लावा. नाहीतर तिथूनच गंज सुरू होतो.

पत्रा फार दबला असेल तर बॉडीवाला खालून जॅक लावून तो वर उचलतो आणि दोन चॅनेलच्या मध्ये एक पट्टी बसवतो. पत्रा खाऊन गेला असेल तर वर प्लायवूड टाकून झाकू नका, तेवढा तुकडा कापून नवा बसवा. गंज तारेच्या ब्रशने खरवडून रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर ऑइलपेंट दिला तर पत्रा टिकतो. मासळी, मीठ किंवा खत वाहिल्यावर त्याच दिवशी हौदा साध्या पाण्याने धुण्याची सवय ठेवली, तर हा खर्च बराच लांबणीवर पडतो.

ताडपत्रीबाबत एक चूक फार ठिकाणी दिसते. ती हौद्यावर सैल टाकली जाते, मध्ये पोक येतो आणि वरच तळे होते. त्यात पडलेला एक इंच पाऊस म्हणजे छोट्या हौद्यावर सुमारे ८० लिटर पाणी, ८० किलो वजन. ताडपत्री फाटते ती यामुळेच. हौद्याच्या मधोमध लांबीने एक बांबू उंच बांधा आणि त्यावरून ताडपत्री घराच्या छपरासारखी दोन्हीकडे उतरती ताणा. कडा हौद्याच्या बाहेर आल्या पाहिजेत. आत सोडल्या तर सगळे पाणी हौद्यातच जाते.

बंद पडलेली गाडी

चालणाऱ्या गाडीचा हौदा हलतो, भरतो, रिकामा होतो. बंद पडलेल्या गाडीला मात्र कोणी हात लावत नाही. मालक म्हणतो, पैसे आले की इंजिन करू. पावसाळा जातो, दुसरा येतो. मुले तिच्यात लपाछपी खेळतात, शेजारी तिच्यात अडगळ टाकतात. अशा गाडीचा हौदा म्हणजे वस्तीच्या मध्यावर ठेवलेले उघडे पिंप.

दुरुस्त करायची असेल तर पावसाळ्यापुरती तरी तिची सोय करा. जॅक लावून पुढची बाजू उंच करा, खाली पक्के दगड द्या, फाळका काढून ठेवा. पाणी आपोआप मागे जाईल. स्टेपनी आणि सुटे टायर छपराखाली घ्या. केबिनच्या काचा फुटल्या असतील तर त्या जागी पत्रा किंवा प्लास्टिक ताणून बांधा.

दुरुस्त करायची नसेल तर गाडी भंगारात द्या. ती नोंदणी असलेल्या भंगार केंद्रात दिली तर तसे प्रमाणपत्र मिळते. ते दाखवून आरटीओत गाडीची नोंदणी रद्द करून घ्या. नोंदणी तशीच राहिली तर गाडी नसली तरी कागदावर जबाबदारी आपलीच राहते.

मालक गावात नसेल, गाडी कोणाची हेच माहीत नसेल, तर चार-पाच घरांनी मिळून ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. गाडी हलेपर्यंत तिच्यातले पाणी आपणच काढावे. तो डास गाडीच्या मालकाला शोधत जात नाही.

हे करू नका

*मीठ टाकू नका.* साठलेल्या पाण्यात मूठभर मीठ टाकल्याने अळ्या मरतील असा समज आहे. तेवढ्याने अळ्या मरत नाहीत आणि पत्रा मात्र दुप्पट वेगाने गंजतो.

*ब्लीचिंग पावडरवर विसंबू नका.* तिचा जोर थोड्या वेळात जातो, पत्रा खराब होतो आणि पुढच्या पावसात पाणी पुन्हा भरते.

*जळके ऑइल हौद्यात ओतू नका.* ऑइलचा तवंग अळ्यांचा श्वास कोंडतो, हे खरे. न उपसता येणाऱ्या घाण डबक्यात आरोग्य कर्मचारी ते वापरतात. पण ज्या हौद्यातून भाजी आणि धान्य जाते, त्यात ते चालणार नाही. हौदा निसरडा होतो आणि तेल वाहून विहिरीकडे, ओढ्याकडे जाते.

*अळीनाशक औषध स्वतः आणून टाकू नका.* ते मोजून टाकायचे असते. आशाताई किंवा आरोग्यसेवक सांगतील तिथेच आणि तेवढेच वापरावे.

*फक्त धुराच्या फवारणीची वाट पाहू नका.* वस्तीत ताप वाढला की आपण फवारणीची मागणी करतो. ती करावीही. पण धुराने उडते डास मरतात. हौद्यातल्या अळ्यांना आणि अंड्यांना त्याने काही होत नाही. आज धूर मारला आणि हौदा तसाच राहिला, तर चार दिवसांत नवे डास हजर.

ताप आला तर

अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, डोके, सांधे आणि अंग ठणकणे, मळमळ, अंगावर पुरळ ही डेंग्यूची लक्षणे आहेत. पावसाळ्यात दोन दिवसांहून जास्त ताप राहिला तर दुकानातून गोळी आणून काम रेटू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही तपासणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम तपासणी. कोणती करायची ते डॉक्टर ठरवतील. डॉक्टरांना आपण हौद्यात, चिखलात काम करतो हेही सांगा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा विचार वेळेत होईल.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या आणि इंजेक्शने डेंग्यूत धोक्याची आहेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ‘एक सुई मारा, उद्या भाडे आहे’ असे म्हणून कोणाकडूनही इंजेक्शन घेऊ नका. पातळ पेज, ताक, नारळपाणी, ओआरएस, साधे पाणी असे काहीतरी दिवसभर थोडे थोडे पोटात जात राहिले पाहिजे. लघवी नेहमीसारखी होते आहे ना, यावर लक्ष ठेवा.

डेंग्यूत फसवणारा दिवस असतो तो ताप उतरण्याचा. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरच्यांना वाटते बरे झाले, माणूस गाडीवर जायला निघतो. काही रुग्णांची प्रकृती नेमकी याच वेळी ढासळते. पोटात तीव्र दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौचास, हातपाय गार पडणे, खूप सुस्ती किंवा अस्वस्थपणा, लघवी कमी होणे, यातले एकही दिसले तर तास-दोन तासही वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर फोन केला की सरकारी रुग्णवाहिका मोफत मिळते. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारे माणूस, मधुमेही आणि ज्याला आधी डेंग्यू होऊन गेला आहे, यांच्याबाबत अधिक सावध राहा. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो, असे नाही. दुसऱ्या प्रकाराने पुन्हा झालेला डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो.

पपईच्या पानांचा रस, बकरीचे दूध असे बरेच काही सुचवले जाते. त्याच्या भरवशावर दवाखाना टाळू नका. आणि रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. त्याला डास चावला नाही तर पुढच्या घरात आजार जाणार नाही.

रविवार हा कोरडा दिवस

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्याकडे वर्षावास असतो. विहारात ग्रंथवाचन चालते, रविवारी बहुतेक कुटुंबे एकत्र येतात. डासांच्या पैदाशीचा काळही नेमका हाच. रविवारी विहारात जाण्याआधी अर्धा तास हौदा, पिंपे आणि घराभोवतीच्या वस्तू रिकाम्या करण्याची पद्धत प्रत्येक वस्तीत घालता येईल. तरुणांनी दोन-दोनच्या जोड्या करून गाड्या पाहाव्यात. महिला मंडळाने घरे पाहावीत. मुलांना टॉर्च देऊन अळ्या शोधायला लावा. ती हे काम मोठ्यांपेक्षा बारकाईने करतात. वंदनेनंतर पाच मिनिटांत किती गाड्या पाहिल्या आणि किती ठिकाणी अळ्या सापडल्या, एवढे सांगितले तरी पुढच्या रविवारी आकडा खाली येतो.

कोणाच्या हौद्यात अळ्या सापडल्या म्हणून त्याला सर्वांसमोर टाकून बोलू नका. गाडीवाला पहाटे निघतो, रात्री येतो. त्याच्या घरात हात कमी असतील तर दोन शेजाऱ्यांनी ब्रश घेऊन मदतीला जावे. त्याची गाडी चालू राहणे आणि आपल्या मुलाला ताप न येणे, ही दोन्ही कामे त्या अर्ध्या तासात होतात.

पाऊस थांबल्यावर हे काम सोडू नका. डेंग्यूचे रुग्ण आपल्याकडे पावसानंतरच्या सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरमध्येही मोठ्या संख्येने आढळतात. साजगावच्या यात्रेपर्यंत दर रविवारी हौदा घासा. यात्रेहून गाडी परतली की मिठाचा हौदा धुवा. दिवाळीनंतरच्या उन्हात एकदा सगळा हौदा खरवडून रंग द्या, म्हणजे पुढच्या जूनसाठी त्यात काही शिल्लक राहणार नाही.